मापाचा ब्लाउज

"मशीन चालू असताना खोलीत कोन कोन ऱ्हातं?" अब्बांनी विचारलं.

डॉ. राजशेखर बोलता बोलता थांबले. अर्धा तास ते आम्हाला दोन्ही पद्धती समजावत होते. गाठ गुदाशयात, अगदी खालच्या टोकाला होती. पोटाला चार-पाच लहान भोकं पाडून दुर्बिणीनं ऑपरेशन ते स्वतः इथं नांदेडला करणार होते. रोबोट हवा तर हैदराबाद गाठावं लागणार होतं. पुरुषांचा ओटीपोटाचा भाग अरुंद असतो, तिथं रोबोटचे हात जास्त सहज वळतात, मध्येच पोट उघडायची वेळ थोडी कमी येते. बाकी गुणात फारसा फरक नाही, असं ते म्हणाले. मात्र गाठ मलद्वाराच्या स्नायूत शिरली होती. त्यामुळे मळ गोळा करायला पोटावर कायमची पिशवी लागणार, ती दोन्हीकडे चुकणार नव्हती.

महिनाभर अब्बांचा एकच हेका होता, करायचं तर रोबोटनं. मोबाइलवर काहीतरी पाहिलं असेल असं मी धरून चालले होते.

सर्जन बाजूला बसून रोबोटचे हात चालवतो, डॉक्टरांनी सांगितलं. टेबलाजवळ त्याचा मदतनीस, भूल देणारे डॉक्टर, सिस्टर, अशी चार-पाच माणसं असतात.

"म्हंजे मानूस ऱ्हातोच," अब्बा म्हणाले, आणि टोपी सारखी करून उठले.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

अब्बा म्हणजे देगलूरचे हनीफ मास्तर. चाळीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवतात, पण कुणाच्या अंगाला टेप लावत नाहीत. मापाचा जुना ब्लाउज आणून द्या, तो ते टेबलावर पसरतात, बोटांनी चाचपतात आणि नवा नेमका बसतो. बोलतानाही त्यांची नजर कापडावर. गावात या गोष्टीचं भारी कौतुक. पण याच शरमेपायी त्यांनी रक्त पडतंय हे अकरा महिने लपवलं. मूळव्याध समजून घेतलेल्या पुड्या मला शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांखाली सापडल्या. डॉक्टरांनी बोट घालून तपासलं त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नाहीत. मग किरणांचे शेक सुरू झाले आणि ते जरा खुलले. तिथं सगळे बाहेर जायचे, दार लागायचं, मशीन एकटं काम करायचं. रोबोटही तसाच असणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मला हसू नाही आलं, संताप आला. माणूस जिवापेक्षा लाज मोठी कशी धरतो?

घरी आल्यावर त्यांनी ऑपरेशनच करायचं नाही असं सांगून टाकलं. शेक संपल्यावर दहा आठवड्यांच्या आत गाठ काढायची होती, त्यातले सात गेले होते. अम्मी रडली. मी वाट्टेल ते बोलले. अब्बा दुकानात जाऊन बसले आणि काजं करत राहिले.

चौथ्या दिवशी सरजाबाई तयार ब्लाउज न्यायला आल्या. शेजारच्या खेड्यातल्या, जुन्या गिऱ्हाईक. अम्मीनं त्यांच्यापाशी सगळं मन मोकळं केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या दुकानाच्या पायरीवर बसल्या.

"मास्तर, सहा वरसाखाली माझी एक छाती काढली. तवा मी तुमच्याकडंच आलते. जुना ब्लाउज कामाचा न्हवता."

अब्बांची सुई थांबली.

"तुमी टेप घेतली. तुमचे हात लई कापून राहिले होते. मी डोळे मिटले का?"

"न्हाई," अब्बा म्हणाले.

"मी म्हनलं, कामाचा मानूस हाय, करू द्या त्याला काम."

एवढं बोलून त्यांनी ब्लाउज पिशवीत घातला आणि त्या बस गाठायला निघाल्या. मला ही गोष्ट माहीत नव्हती. अम्मीलाही नव्हती. अब्बांनी ती सहा वर्षं कुणाजवळ काढली नव्हती. त्या रात्री जेवताना त्यांनी नांदेडची बस किती वाजता आहे ते विचारलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नांदेडच्या दवाखान्यात लुंबिनी सिस्टर काळं पेन घेऊन आल्या. पिशवीची जागा आजच ठरवायची होती. तिथं कातडीला घडी पडली तर पिशवी चिकटत नाही, म्हणून त्यांनी अब्बांना उभं केलं, बसवलं, वाकवलं. मग विचारलं, "चाचा, नमाज पढता ना? मग सजद्यात जाऊन दाखवा."

मी दाराकडे वळले.

"थांब, लुबना," अब्बा म्हणाले. "चादर अंथर."

मी खाटेच्या बाजूला चादर अंथरली. अब्बांनी कपाळ टेकलं. सिस्टर शेजारी गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी पोटाखाली हात घालून घडी कुठं पडते ते चाचपलं. अब्बा हलले नाहीत. मग ते सावकाश उठून खाटेवर बसले आणि आपल्या हातानं कुर्ता वर केला. सिस्टरनी बेंबीच्या डावीकडे खाली एक गोल काढला.

अब्बांनी मान वाकवून तो नीट पाहिला. बोटं ठेवून पाहिली.

"दोन बोटं वर घ्या, बेटा. नाडा इथं येतो."

सिस्टरनी स्पिरिटच्या बोळ्यानं गोल पुसला आणि वर नवा काढायला घेतला. अब्बा डोळे उघडे ठेवून पेनाकडे बघत होते. त्यांचे हात मात्र कापत होते आणि कुर्ता पुन्हा पुन्हा खाली येत होता. मी पुढे झाले आणि त्याचं टोक धरून उभी राहिले.