पांढरा लेंगा

कचरूबाबांच्या चपलांचे तळ अंगठ्याखाली पार झिजले होते. टाचा मात्र नव्या कोऱ्या. त्यांची मुलगी चैताली लोणी काळभोरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. बाबा पाय फरशीला चिकटल्यासारखे घासत चालतात, गोष्टी विसरतात, हे तिला वर्षभर म्हातारपणच वाटलं.

मेंदूत पाणी साठलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी पाठीच्या कण्यातून सुईने त्यातलं थोडं पाणी काढलं, तर बाबा त्या दिवशी चांगले चालले. ऑपरेशन करून नळी बसवली की जास्तीचं पाणी पोटात उतरेल, फार थांबू नका, असंही ते म्हणाले. तेव्हापासून बाबांचं एकच, "बघू."

आज पौर्णिमा. विहारात जायला तिने त्यांचा पांढरा सदरा-लेंगा इस्त्री करून ठेवला. बाबा काळ्या पँटीत बसलेले.

"वंदनेतूनही रिटायर झालात वाटतं?"

"पांढऱ्यावर दिसतं," बाबा म्हणाले.

"काय दिसतं?"

बाबा लेंग्याची घडी सारखी करत राहिले. मग तिला वैशाख पौर्णिमा आठवली. वंदना संपली, तरी बाबा सतरंजीवरून उठेनात. "सतरंजी घरी न्यायचीय का?" असं ती सगळ्यांदेखत म्हणाली होती. लोक हसले. बाबाही हसले होते.

तिला मान वर करवेना.

"डॉक्टरांनी लघवीचं विचारलं, तेव्हा नाही म्हणालात."

"तू शेजारी होतीस." ते थांबले. "हे मेंदूत पाणी साठणं लहान पोरांना होतं ना? मला कशानं झालं? माझंच काही चुकलं असेल."

"पोरांत बऱ्याचदा पाण्याची वाट जन्मापासूनच अरुंद असते. कधी गाठीमुळे अडते. कधी वाट मोकळी असते, पण मेंदूज्वर किंवा रक्तस्राव झाल्यावर पाणी नीट शोषलं जात नाही. उतारवयातल्या तुमच्यासारख्या प्रकारात पुष्कळदा कारणच सापडत नाही." वर्गात इतकं सरळ सांगणारा तिचा आवाज इथे अडखळला. "चालणं, विसरणं, लघवी, सगळं त्या पाण्यामुळे. तुमचं काही चुकलं नाही, बाबा. लाज मला वाटायला हवी."

बाबांनी तो लेंगा उचलून मांडीवर घेतला.

"सोमवारी डॉक्टरांना फोन लाव," ते म्हणाले. "नळी बसवून घेतो."