कानावरचे जानवे

माझे वडील वेणीमाधवशास्त्री ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरी वेद शिकवीत. लघवीतून रक्त जाऊ लागले, तेव्हा ते कुणाशीच बोलले नाहीत. धोतर भिजवताना आईच्याच ते ध्यानात आले.

तपासण्या पाहून सर्जन म्हणाले, "पंडितजी, पेशाब की थैली में कैंसर है। थैली निकालनी पड़ेगी, फिर थैली लगा देंगे।"

घरी येताच अप्पा आईला म्हणाले, "शरदिनी, पिशवी काढतील, साफ करतील आणि परत लावतील. भांड्याला कल्हई करतात ना, तसंच."

"करू देत बाई. इतकी वर्षं कुणाला हात लावू दिला नाहीत त्या भांड्याला," आई म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी दोघे हसली.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सर्जन हातात पेन घेऊन आले. "पूजा में जैसे बैठते हैं, वैसे बैठिए। धोती कहाँ बाँधते हैं?" अप्पांनी मांडी घातली. पोटाला घडी पडते ती जागा टाळून, बेंबीच्या उजवीकडे जरा खाली, सर्जननी एक लहानसे वर्तुळ काढले.

"बिंदू, हे काय रे?" अप्पांनी मला विचारले.

त्या खोलीत अप्पांखेरीज आमची भाषा मलाच येत होती.

"अप्पा, जुनी पिशवी परत लावणार नाहीत. आतड्याचा तुकडा जोडून इथून वाट काढतील. वर प्लास्टिकची पिशवी चिकटवायची. लघवी तिच्यात उतरेल."

"केव्हा?"

"सारखीच. थोडी थोडी. तुम्हाला कळणारही नाही."

अप्पांनी छातीवरचे जानवे बोटांत धरले. लघुशंकेच्या वेळी ते उजव्या कानावर ठेवायचे, मौन पाळायचे आणि शुद्ध होऊन मगच उतरवायचे, हा नियम त्यांनी मुंजीपासून कधी मोडला नव्हता.

"मग हे कानावरून उतरवायचं कधी?"

मी तो प्रश्न हिंदीत सांगितला. सर्जननी पेनाला टोपण लावले. "यह तो आपके शास्त्र की बात है, पंडितजी। पर थैली न निकाली, तो बीमारी आगे फैल जाएगी।"

"हे कानावर असताना वेद उच्चारता येत नाही, बिंदू. नको म्हणू का यांना?"

मला एवढेच सुचले, "आई घरी वाट पाहते आहे."

अप्पांनी जानवे बोटांतून सोडले. "ती फार बोलते," ते म्हणाले, "ऐकायला कुणी हवं तिला." मग सर्जनांकडे वळून म्हणाले, "कीजिए।"

अप्पा बरे झाले. शरीरधर्माला दोष नसतो, असे घाटावरच्या शास्त्र्यांनी समजावून पाहिले. अप्पांनी सर्वांचे ऐकून घेतले. जानवे मात्र कानावरून उतरले नाही. संसारातले चार शब्द बोलण्याची सवलत त्यांनी स्वतःला दिली, वेदाची दिली नाही. विद्यार्थी दुसऱ्या गुरूंकडे गेले.

आता देवपूजा मी करतो. काल रुद्र म्हणताना माझा स्वर चुकला. देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसलेल्या अप्पांचे ओठ उघडले आणि मिटले. मग त्यांचा उजवा हात स्वर दाखवीत वर गेला, तिरका झाला, सावकाश खाली आला. त्या हाताकडे पाहून मी ती ओळ पुन्हा म्हटली.

पुन्हा चुकली. हात हवेत थांबून राहिला.