फेस बसेपर्यंत

मी बोलतोय तो एका बाळाच्या छातीतून. कान जरा जवळ आणा, मोठ्यानं बोलायची माझी ताकद नाही.

मी पांढरट, दुधाळ द्रव. जन्म माझा वासराच्या फुप्फुसातला. तिथून मला काढलं, शुद्ध केलं आणि बोटाएवढ्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बाजू एकमेकींना जशा चिकटतात, तशी वेळेआधी आलेल्या बाळाच्या फुप्फुसातली हवेची घरं चिकटतात. ती उघडी ठेवणारा द्रव फुप्फुस स्वतःच बनवतं, पण या घाईच्या पाहुण्यांना ते अजून जमत नसतं. तिथे मी लागतो.

मला एकदा एका बाळासाठी बाहेर काढलं होतं. जरा ऊब मिळाली, तेवढ्यात ते बाळ आपलं आपणच छान श्वास घ्यायला लागलं. सगळे हसले, मी परत फ्रिजमध्ये. पण असं एकदाच चालतं. दुसऱ्यांदा काढलं की वापरा, नाहीतर फेका. आणि परवा दुसऱ्यांदा काढलं, तेव्हा फ्रिजमध्ये माझ्याशिवाय बाटलीच नव्हती.

बाळ ओंजळीत मावेल एवढं. प्रत्येक श्वासाला कण्हायचं, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची. आई अजून ऑपरेशनच्या गुंगीत. बाप घरं रंगवणारा पेंटर, कामावरून तसाच धावत आलेला. हात घासूनघासून धुतले, तरी नखांत पिवळा रंग होताच. सिस्टर बाळाच्या नाकातल्या हवेच्या नळीपाशी अडकलेल्या, म्हणून त्यांनी मला त्याच्याकडे दिलं.

"मुठीत धरून बसा, बाबा. थंडगार औषध बाळाला देता येत नाही."

चांगली गरम मूठ होती. त्याच्या छातीतली धडधड मला काचेतून कळत होती.

थोड्या वेळानं डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणा."

त्यानं मूठ उघडली, तर माझा साका तळाशी बसलेला. डब्यात साका दिसला की पेंटर काय करणार? त्यानं मला खडाखडा हलवलं.

"अहो, हलवू नका!" सिस्टर ओरडल्या, पण तोवर बाटलीभर फेस झाला होता. मला नुसतं हळूच कलतं करायचं असतं. फेस झालेला मी कुणाच्या कामाचा नाही.

"मीच सांगायला विसरले," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा चेहरा पार उतरला.

"आता काय करायचं?" पेंटरनं विचारलं.

"फेस बसेपर्यंत थांबायचं. दुसरी बाटली नाही आपल्याकडे."

त्यानं हात पाठीमागे घेऊन घट्ट बांधले. "या हातांची मेली खोड," एवढंच पुटपुटला. बाळ कण्हत होतं. मी एकेक बुडबुडा विझवत होतो, पण घाई माझ्या हातात कुठे होती? मला भीती वाटत होती, आणि ती लपवायला बाटलीत जागा नव्हती.

शेवटी फेस बसला. डॉक्टरबाईंनी मला सुईनं ओढून बाळाच्या श्वासनलिकेत घातलेल्या बारीक नळीतून हळूहळू आत सोडलं. मी पसरलो, आणि चिकटलेली घरं एकामागून एक उघडत गेली.

पेंटर बाळाच्या ओठांकडे टक लावून बघत होता. रंगातला माणूस तो, त्याला आधी दिसलं. "निळसरपणा कमी झाला ना हो? का मलाच तसं वाटतंय?"

"कमी झालाय," सिस्टर म्हणाल्या आणि डोळे पुसले.

डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. "हे औषध थोडेच दिवस पुरतं. आता त्याच्या फुप्फुसानं स्वतःचं बनवायला हवं."

खरं बोलल्या त्या. मी रोज थोडा थोडा विरतोय. काल एका कोपऱ्यात काहीतरी निसरडं, माझ्यासारखंच, पण माझं नसलेलं लागलं. अगदी कणभर. मला वाटलं, भास असेल. आज ते पुन्हा लागलं.

बाळा, तूच बनवलंस ना ते? मग थांबू नकोस रे. मी असेपर्यंत शिकून घे. काचेच्या पेटीत हात घालून तुझा बाबा उभा आहे. त्याचं बोट तू धरलंयस, आणि त्यानं हात जरासुद्धा हलवलेला नाही.