एका दारासाठी

फाल्गुन सरत आला की तासगावाकडचा माळ पांढरा पडतो. आकाश पांढरं, वाट पांढरी, बांधावरची धूळ पांढरी. ऊन असं शुभ्र आणि असं निर्दय, की बाभळीसुद्धा अंग चोरून उभ्या राहतात. त्या निर्जल, निष्पर्ण, निःशब्द विस्तारात हिरवं म्हणून एकच काय ते दिसतं, बेदाण्याचं शेड. लांबलचक, हिरव्या जाळीनं चहूबाजूंनी वेढलेलं, वाऱ्यानं फुगणारं आणि वाऱ्यानंच पडणारं.

आत द्राक्षं असतात. थरावर थर ताणलेल्या जाळ्यांवर ती पसरलेली असतात. वेलीवरून उतरलेली, रसभरली, काचमण्यांसारखी द्राक्षं. हळूहळू त्यांचं पाणी आटतं, हळूहळू त्यांची कांती सुरकुतते, आणि गोडी आत आत दाटत जाते. वारा त्यांना भेटून जातो. त्यांना मात्र कुठं जाता येत नाही.

आणि आत बायका असतात. हिरव्या उजेडात हिरव्या दिसणाऱ्या, काड्या खुडणाऱ्या, डागाळलेले मणी वेगळे करणाऱ्या. हात चालतात आणि हातांपेक्षा तोंडं जास्त चालतात. त्या बोलक्या बायकांत एक न बोलणारी होती, तिचं नाव मालन.

मालनचा नवरा ट्रकवर होता. तो गेला तेव्हा काविळीनं गेला असं घरानं गावाला सांगितलं, आणि गावानं समजूतदारपणे मान हलवली. खरं काय ते मालनच्या रक्ताला ठाऊक होतं. त्याच्या रक्तातला एचआयव्ही तिच्या रक्तात उतरला होता. थोरल्या दिराचं घर, थोरल्या जावेचं राज्य, आणि त्या घरातला चुलीमागचा एक कोपरा, एवढंच तिचं जग उरलं होतं. तो कोपरा तिच्या मौनावर उभा होता. मौन ढळलं की कोपराही जाणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

रोज एक गोळी. तांदळाच्या डब्यात खोल पुरलेली बाटली, आणि ती खुळखुळू नये म्हणून तिच्यात कोंबलेला कापूस. गोळी घेतली की माणूस चारचौघांसारखं जगतं, चारचौघांसारखं म्हातारं होतं, हे तिला कुणा डॉक्टरनं समजावलं नव्हतं. डॉक्टरनं सांगितलं तेव्हा तिच्या कानांत नुसता वारा घोंगावत होता. समजावलं ते हौसाक्कानं.

हौसाक्का! काळीसावळी, दणकट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावणारी. तिच्याही रक्तात तेच होतं, आणि ते तिनं भर ग्रामसभेत उभं राहून सांगितलं होतं. त्या दिवसापासून तिला लपवायचं काही उरलं नाही आणि जायला सोयरं कुणी उरलं नाही. तिच्यासारख्याच बायाबापड्यांचं तिनं मंडळ उभं केलं. कुणाला दवाखान्यात नेणं, कुणाच्या सासऱ्याशी भांडणं, कुणाला नुसतं जवळ बसून रडू देणं, हे त्या मंडळाचं काम. पण उघड्या माणसाची एक अडचण असते. हौसाक्का ज्या दारात बसे, त्या दाराकडं गल्ली बघू लागे. जिला आधार द्यायला जावं, तिलाच आपल्या पावलांनी बट्टा लागावा, असा तो पेच होता.

म्हणून तिनं एक रीत काढली. एका दारी जायचं असलं की ती सगळ्या गल्लीत जायची. पहिल्या उंबऱ्यापासून शेवटच्या उंबऱ्यापर्यंत एकेका दारात टेकायची, पाणी मागायची, आजाराविषयी चार शब्द सांगायची आणि उठायची. कुणी वरून ओंजळीत पाणी ओतायचं. कुणी "पुढं हो" म्हणायचं. कुणी ती उठल्यावर तिच्यादेखत पायरी धुऊन काढायचं. एका दारासाठी ती साऱ्या गल्लीचा अपमान पदरात घ्यायची, आणि ते एक दार कुठलं हे कुणाला कळायचं नाही.

मालनला ते कळायचं. आतल्या खोलीतून तिला प्रत्येक दार ऐकू यायचं. शेजारची पायरी धुतली जायची, पलीकडची कडी आपटायची, आणि मालन ओठ चावत उभी राहायची. हे सारं आपल्यापायी चाललंय, ही जाणीव तिला आजारापेक्षा जास्त जाळायची.

यंदा सुगी लांबली. दिराच्या शेडावरून उठायला उसंत नाही, सांगलीच्या दवाखान्यात जायला निमित्त नाही, जावेची नजर हटायला तयार नाही. तांदळाच्या डब्यातल्या बाटलीत आता नुसता कापूस राहिला होता. त्यातच मागच्या खेपेला, पाण्याचा तांब्या देताना, मालन हौसाक्काला पुटपुटली होती, "आता आमच्या दारात बसू नगंस. जाऊबाईंना वास लागलाय. गोळ्याबी सरत आल्यात."

हौसाक्कानं ते मनावर घेतलं. मायेपोटी घेतलं, आणि तिथंच चुकली. परवा ती गल्लीत आली, सगळ्या दारांत बसली, आणि मालनचं दार तेवढं टाळून पुढं गेली.

सगळ्या दारांत बसून एकच दार टाळलं, तर गल्ली त्याच दाराकडं बघणार नाही तर काय करणार?

थोरली जाऊ छबूबाई अडाणी असेल, पण आंधळी नव्हती. दुसऱ्या दिवशी शेडात, सगळ्या बायकांच्या देखत, द्राक्षाचा घड हातात फिरवत तिनं विचारलं, "समद्यांच्या दारात बसली ती बया. आपलंच दार कशापायी टाकलं गं, मालन?"

मालनचे हात थांबले नाहीत. थांबले असते तर तेच उत्तर झालं असतं. काडी खुडली, मणी ठेवला, काडी खुडली, मणी ठेवला. हिरव्या जाळीतून हिरवा उजेड पाझरत होता, आणि त्या उजेडात प्रत्येक डोळा तिच्यावर येऊन बसला होता. तिच्या शेजारची बाई पाटीसकट जराशी सरकली.

बातमी माळ ओलांडून गेली. आपली चूक हौसाक्काला कळली, आणि ती भर दुपारी थेट शेडावर आली. खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत शिकेकाईच्या पुड्या. मंडळातल्या बायका त्या कुटायच्या आणि विकायच्या.

"छबूबाई, परवा तुमचं दार ऱ्हायलं बघा," ती मोठ्यानं म्हणाली. "तुमचं कुत्रं लई वाईट. तवा म्हटलं, शेडावरच गाठावं."

सारवासारव होती, आणि छबूबाईला ती तशीच दिसली. हौसाक्का मात्र हसत हसत पुड्या वाटत सुटली. एक हिला, एक तिला, एक पलीकडचीला. मालनपाशी आली तेव्हा तिनं मालनकडं पाहिलंसुद्धा नाही. "घ्या ताई," म्हणाली, जशी ती कुणी परकी बाई असावी. मालनच्या पुडीला दोन गाठी होत्या. बोटांना आत शिकेकाईची भुकटी नाही लागली, गोल, टणक, ओळखीचं काही लागलं.

छबूबाई उठली. सूप घेतलं आणि प्रत्येकीपुढं धरलं. "टाका ह्यात. असल्या हातचं काय बी घरात न्यायचं न्हाई." पुड्या टपटप सुपात पडल्या. शेवटी सूप मालनपुढं आलं, आणि मालननंही आपली पुडी टाकली. मग छबूबाईनं ते भरलं सूप तिच्याच हातात दिलं.

"जा. जाळात टाकून ये."

शेडाबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, काड्यांचा ढीग जळत होता. ज्वाळा उन्हात दिसत नव्हत्या, नुसती हवा थरथरताना दिसत होती. मालन सूप घेऊन चालू लागली. पाठीवर छबूबाईची नजर, समोर जाळ. मागं कोपरा, पुढं आग, आणि मधली वाट तिच्या पावलांनी भराभर संपत होती. इतकं एकटं, इतकं कोंडलेलं तिला चुलीमागच्या अंधारातही कधी वाटलं नव्हतं.

पुड्या वाटून बाहेर पडलेली हौसाक्का ढिगापाशीच उभी होती. तिनं छबूबाईचा डाव ओळखला, आणि क्षणात मालनला वाट काढून दिली. "टाका की, ताई," ती निर्विकारपणे म्हणाली. "शिकेकाईच ती. पुन्यांदा कुटू. पुन्यांदा येऊ."

पुन्हा येऊ! मालनच्या काळजात ते दोन शब्द रुतले. पुन्हा पहिल्या उंबऱ्यापासून. पुन्हा ओंजळीतलं पाणी, पुन्हा आपटलेली कडी, पुन्हा धुतलेली पायरी. आणि आतल्या खोलीत पुन्हा ओठ चावत उभी असलेली ती स्वतः. एका बाईनं गल्लीभर जळत फिरावं आणि दुसरीनं तिच्या आडोशाला सुरक्षित राहावं, याची तिला लाज वाटली. भीतीपेक्षा ती लाज मोठी होती.

तिनं सूप कलतं केलं. एक पुडी आगीत गेली. दुसरी गेली. भाजल्या शिकेकाईचा उग्र कडवट वास माळावर पसरला. सगळ्या पुड्या गेल्या, आणि दोन गाठींची एक उरली. ती मालननं उचलली आणि छातीशी धरली.

"अगं, टाक तीबी!" छबूबाई ओरडली.

 दोन पावलं पुढं येत हौसाक्कानं खोटाच दम भरला, "अगं कोण तू? सोड ती पुडी! तुझी न्हाई ती!"

"माझीच हाय," मालन म्हणाली.

मोठ्यानं नाही म्हणाली. पण शेडातल्या शेवटच्या बाईपर्यंत ते पोचलं. मग तिनं शेडाकडं तोंड केलं आणि उरलेलंही सांगून टाकलं. "काविळीनं न्हाई गेले ते. त्यांना जो रोग हुता, त्योच मला हाय. ही माझी गोळी."

काड्या खुडणारे सारे हात थांबले. कुणाच्या तरी मांडीवरची पाटी कलंडली आणि मणी घरंगळत गेले.  छबूबाईला शब्द सुचले ते सगळे बेदाण्याविषयीच होते. हिच्या हातचा माल कोण घेईल, आता बाजारात तोंड कसं दाखवू, पिकाचं वाटोळं झालं. आणि शेवटी, जाळी खाली ओढता ओढता, "आज सांजच्याला घराकडं फिरकू नगंस."

जाळी पडली. आतल्या बायका नुसत्या हिरव्या सावल्या झाल्या. एकीची सावली उठली, थोडी पुढं आली, आणि परत बसली.

  मालन धुळीतच बसली, गाठी सोडल्या, एक गोळी काढली आणि कोरड्या घशानं गिळली. हौसाक्का तिच्याजवळ बसली. एवढ्या वर्षांत कुणाच्या दारात रडली नव्हती, ती बाई इथं रडली.

"हे काय केलंस गं, बये? मी झाकत हुते की तुला."

"आता समदी गल्ली हिंडू नगंस, हौसाक्का," मालन म्हणाली. "सरळ माझ्याकडं ये."

"तुझ्याकडं?" हौसाक्कानं नाक पुसलं. "आता तुझं दार कुठलं गं?"

मालननं उत्तर शोधलं. माळावर कुठंच दार नव्हतं. तिला हसू आलं, आणि हसताना डोळे भरून आले. "ठावं न्हाई," ती म्हणाली.

हौसाक्का उठली. तिनं मालनला हात देऊन उठवलं, आपल्या लुगड्याचा पदर सैल केला, आणि त्याचं टोक ओढून तिच्या उघड्या डोक्यावर धरलं. दोघी तशाच, एकमेकींना खेटून, सडकेच्या दिशेनं चालू लागल्या. एक पदर, दोन डोकी, आणि वर आभाळभर ऊन.