दिवे मंद झाले पाहिजेत

आमच्या मिसिसिपीत तेव्हा विजेची खुर्ची फिरती होती. ट्रकवरून यायची, ज्या गावचा गुन्हेगार त्या गावच्या कोर्टात मांडली जायची, काम झालं की पुढच्या गावी. सर्कशीपेक्षा वक्तशीर. सोबत स्वतःचा जनरेटर असायचा आणि आमच्या शेरीफ लॅम्ब्रेथची तक्रार नेमकी तीच होती.

"जनरेटरवर गावाला काय कळणार?" तो खुर्चीवाल्या टॅनेहिलला आधीच म्हणाला होता. "खुर्ची गावच्या विजेवर चालव, दिवे मंद झाले पाहिजेत. शेरीफ काम करतोय हे लोकांना घरबसल्या दिसू दे. निवडणूक तोंडावर आहे."

"गावची लाइन लेचीपेची आहे, साहेब."

"गाव माझं आहे. जनरेटर मागेच ठेवून ये."

दुकानदाराच्या खुनाचा आरोप असलेल्या ऑस्बीला ज्यूरीने जेवणाआधीच दोषी ठरवलं होतं. मी डेप्युटी, शिक्षेच्या रात्री खुर्चीचे पट्टे मीच आवळले.

"एवढे कशाला आवळता, मिस्टर हार्लन? मी कुठे पळतोय?"

टॅनेहिलने खटका ओढला. ऑस्बी थरथरला, किंचाळला, भाजल्याचा वास सुटला. पण तो मेला नाही.

"अर्धाही दाब नाही!" टॅनेहिल ओरडला. "गावात चाललंय काय?"

मी खिडकीतून पाहिलं. दिवे मंदावताना नीट दिसावेत म्हणून प्रत्येकाने घरातले झाडून सारे दिवे लावले होते. कुणी तर नाताळची माळही काढली होती, ऑगस्टमध्ये.

लॅम्ब्रेथने मला घरोघर पिटाळलं. लोकांनी कुरकुरत दिवे घालवले. "मग आम्ही बघायचं काय?" न्हाव्याने विचारलं. पाद्र्याच्या बायकोने फ्रीजही बंद केला.

शेवटचं घर झेनोबियाचं, ऑस्बीच्या आईचं. ती गोऱ्यांचे कपडे इस्त्री करायची, म्हणून काळ्यांच्या वस्तीत वीज फक्त तिच्याकडे.

"गेला?"

"अजून नाही. दिवा घालव, मावशी. वीज कमी पडतेय."

ती उठली आणि तिने इस्त्रीचा प्लग भिंतीत खुपसला. "माझी इस्त्री राहिलीय, मिस्टर हार्लन." टेबलावर एकही कपडा नव्हता.

मी प्लग उपसला. दिव्याच्या बटणावर तिने पंजा ठेवला.

"एका दिव्याने कुणी वाचत नाही, मावशी."

"मग राहू द्या की."

राहू दिला. परत जाऊन सांगितलं, झालं सगळं. टॅनेहिलने पुन्हा खटका ओढला.

गाव अंधारात ओसऱ्यांवर बसलं होतं. उजेड तेवढा झेनोबियाच्या खिडकीत. तो मंदावला, तांबूस झाला, बराच वेळ तसाच राहिला. मग पुन्हा लख्ख.

"दिसलं!" खाली न्हावी ओरडला. टाळ्या पडल्या. लॅम्ब्रेथने खिडकीत येऊन हॅट उंचावली.

झेनोबियाने दिवा घालवला.