ताराबाईचा गोटा

टेकडीच्या अर्ध्या वाटेवरच्या झेंड्याखालच्या ढिगातला शेवटचा दगडही यादोरावांनी उलटून पाहिला. ताराबाईचा गोटा त्यात नव्हता.

"काय हरवलं जी भाऊ?" शेळ्या चारायला आलेल्या रंभाबाईनं विचारलं.

"तिचा गोटा पाहून राहिलो. लग्नातला."

"इथं कायले राहीन तो? लग्नाचा गोटा माथ्यावर ठेवतेत. माथा तं तिकडं हाये, बांबूच्या मांगं."

हे यादोरावांना चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं.

चिखला गावाच्या त्या टेकडीची रीत साधी होती. नव्या जोडप्यानं मिळून माथ्यावर एक गोटा ठेवायचा, म्हणजे घर भरतं. यादोराव तेव्हा खाणीत ड्रिलवर नुकतेच लागले होते. चारचौघांसारखा नदीतला गोटा कशाला, म्हणून त्यांनी ऐटीत मँगनीजचा काळा तुकडा आणला. एका अंगाला ड्रिलच्या भोकाची अर्धी पन्हळ, आणि दिसायला मुठीएवढा असला तरी नव्या नवरीचा हात भरून यावा इतका जड. झेंड्यापाशी पोचेपर्यंत दुपारच्या पाळीचा भोंगा व्हायची वेळ झाली. पहिल्याच महिन्यात खाडा नको, म्हणून ते म्हणाले, "ठेव इथंच. हाच माथा." नवऱ्याच्या शब्दावर तारानं गोटा ठेवला.

घर काही भरलं नाही. तुमसरचे डॉक्टर झाले, भंडाऱ्याचे झाले, उपासतापास झाले. बाया टोमणे मारत तेव्हा ताराबाई ठणकावून सांगायची, "आमचा गोटा माथ्यावरच हाये!" यादोराव खाली मान घालून जेवत राहायचे. दगडानं मूल होत नाही, एवढं त्यांना कळत होतं. पण बायको आपलंच खोटं गावभर खरं म्हणून सांगते, याची लाज त्यांना जन्मभर वाटली. त्या लाजेपायी ते पुन्हा टेकडीकडे फिरकले नाहीत. चौतीस वर्षं डोंगराच्या पोटात काढलेल्या माणसानं त्याच्या डोक्यावर कधी पाय ठेवला नाही.

आषाढात ताराबाई गेली. तिचा गोटा निदान आता तरी जागेवर नेऊन ठेवू, म्हणून ते आज आले होते, तर गोटाच गायब.

"दुसरा नेऊन ठेवा ना," रंभाबाई म्हणाली. "गोट्यावर का नाव लिवलं रायते?"

त्यांनी ढिगातला एक उचलून खिशात टाकला आणि निघाले. बांबू दाट होता, वाट मोडलेली. दहा पावलांवर दम लागायचा. "थांबा, जरासे बसा," म्हणणारं कोणी नव्हतं, म्हणून ते बसलेही नाहीत.

माथ्यावर उघडा खडक होता आणि दगडांची लहानशी रास. तिच्यावर एक काळा गोटा. यादोरावांनी तो उचलला आणि वजनावरूनच ओळखला. तरी पन्हळीवर बोट फिरवून पाहिलं. गोट्याखालचा दगड तेवढ्या जागेपुरता कोरा राहिला होता, बाकी सगळीकडे शेवाळ चढून वाळलं होतं. किती वर्षांपूर्वी आणला असेल तिनं? कधीतरी मोहफुलं वेचायला आली असेल, खरा माथा दिसला असेल. मग झेंड्यापाशी परत जाऊन, एवढं ओझं घेऊन, एकटीच पुन्हा चढली असेल.

म्हणजे बायांना ती सांगायची ते खरं होतं. आणि नवऱ्याचं खोटं ठाऊक असून तिनं एका शब्दानं त्यांना विचारलं नाही.

"मले सांगतलं असतं तं संग आलो असतो ना वं," ते मोठ्यानं म्हणाले आणि त्यांना रडू आलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी गोटा दोन्ही हातांनी होता तिथं ठेवला. खिशातला काढून त्याला लागून ठेवला. खाली खाणीत दुपारच्या पाळीचा भोंगा झाला. सवयीनं यादोराव लगबगीनं उठले, आणि मग पुन्हा तिथंच बसले.