करांद्याच्या मुंड्या

अंगणात करांद्याच्या कंदांचा ढीग पाहिला आणि डोक्यावरचा गवताचा भारा खाली टाकायचंही राहीला सुचलं नाही. ढिगाशेजारी पहार आडवी पडली होती. नवरा भागोजी तांबड्या मातीने कोपरापर्यंत माखला होता, आणि तोंडावर तर पोरीचं लग्न ठरवून आल्याचा आनंद.

"बघ गो! सातच्या सात जागा खनून आनल्या," तो म्हणाला. "दरवर्साला तू एकटी किती मरशील?"

"साती?"

"साती. येक ठेवली नाय."

राहीने भारा टाकला आणि त्याच्यावरच बसली.

भागोजी बारा वर्षं मुंबईत कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होता. संप झाला, शिमग्याला गावी आला, तो मार्गशीर्ष सरत आला तरी इथेच. आठ दिवसांच्या मुंबईकराचं गावाला कौतुक असतं. दहा महिन्यांच्या मुंबईकराचं काय करायचं, ते त्याचं त्यालाही कळत नाही आणि घरच्यांनाही. लावणीत, कापणीत तो राबला. पुढे हाताला काम नाही, म्हणून रोज डोंगरात भटकू लागला. तिथे त्याला झाडांना बांधलेल्या चिंध्या दिसल्या.

चिंध्या राहीच्या होत्या. करांद्याचा वेल पावसात झाडावर चढतो आणि थंडी पडली की वाळून असा नाहीसा होतो, की खाली कंद आहे हे सांगून कुणाला पटू नये. म्हणून ती श्रावणातच जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधून यायची. वर्षाला दोन-तीन जागा उकरायच्या, बाकीच्या राखायच्या. कंद निघाला की वेलाकडची मुंडी बोटभर गर ठेवून कापायची आणि त्याच खड्ड्यात, त्याच वेळी पुरायची. हात झटकायचे ते त्यानंतर. सासूने तिला हे शिकवलं होतं आणि सासूला तिच्या सासूने. बाप्ये मुंबईला, तेव्हा त्यांना शिकवणार कोण?

यंदा तर मनिऑर्डर बंद. घरातलं भात होळीपर्यंत कसंबसं पुरलं असतं. तिथून पाऊस लागेपर्यंत लागतील तसे करांदे आणायचे, असं तिने मनाशी ठरवलं होतं. जमिनीत ते टिकतात. पहारीचा घाव बसलेला कंद आठ दिवसांत कुजतो.

"तुमाला कोनी सांगितलान?" तिने विचारलं.

"आयेने. चिंध्या कसल्या म्हनून इचारलं, तर बोल्ली करांद्याच्या खुना."

पडवीत बसलेली सासू, सोनूबाई, तिथूनच ओरडली, "मी खुना सांगितल्या रे मेल्या! खनाया कुटं सांगितलं?"

"आनि साती जागांचे येवढेच?" राहीची नजर ढिगावरून हलत नव्हती.

भागोजी जरा चाचरला. "आर्धे भिकाजीच्या खळ्यात नेले. आमी संपवाले समदे जमलो होतो. हंडाभर उकडले. त्याची पोरं पन पोटभर खाल्लानी गो. लय दिसांनी."

भिकाजीच्या पोरांची खपाटीला गेलेली पोटं तिने पाहिली होती. तिला राग आला होता आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

"मुंड्या?"

"त्या लाकडावानी लागल्या. समद्या हितंच कापून उकिरड्यावर टाकल्या."

"आवो, बियानं टाकलात तुमी!" ती एकदम ओरडली. "पुडल्या वर्साला काय माती खायाची? मुंडी सुकली की मेली ती!"

भागोजीच्या तोंडावरचा आनंद खर्रकन उतरला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. तो तसाच परसात गेला. राही मागोमाग गेली तर हा उकिरड्यात गुडघे टेकून दोन्ही हातांनी शेण उपसत होता. कोंबड्यांनी काही मुंड्या उकरून टोचल्या होत्या. काही पहारीने फुटलेल्या, काही शेणाच्या उबेने मऊ पडलेल्या. राहीने एकेक मुंडी नखाने खरवडून पाहिली. ओली निघाली ती टोपलीत, कोरडी ती मागे. टोपलीचा तळ झाकेल एवढ्याच निघाल्या.

दिवस कलायला आला होता. दोघं डोंगर चढली. कातळावरचे खडे राहीच्या पायाला टोचत होते. सकाळपासून गवत कापून तिची कंबर धरली होती. भागोजीचे खड्डे लांबूनच दिसले. अशा कामाला इतका मोठा खड्डा कुणी खणत नाही. तो माती मोकळी करून देई, ती मुंडी ठेवी, डोळा वर आहे का पाही, माती लोटी, पालापाचोळा पसरी. टोपलीतल्या मुंड्यांनी चार खड्डे भरले, तीन तसेच उघडे राहिले.

"इतून परत खायाला कवा गावतील?" त्याने विचारलं.

"तिसऱ्या वर्साला. जगल्या तर."

भागोजी माती दाबू लागला. मग मान वर न करता म्हणाला, "तवर मी हितंच आसन."

राहीचा हात थांबला.

"गिरनीतनं नाव कापलानी माजं. कागद येऊन म्हैना झाला. आयेला सांगू नको येवड्यात."

बारा वर्षं राहीला त्याच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं, की मी इथेच राहीन. दर गणपतीला, दर शिमग्याला तो एसटीत चढताना ती वाट बघायची. आज तो ते बोलला आणि तिच्या मनात पहिल्यांदा आली ती होळीनंतरची रिकामी चूल. त्याची तिला लाज वाटली आणि रडूही आलं. पण उजेड थोडाच उरला होता.

"मग त्या खालच्या मुंडीवर धोंडा नीट ठेवा," ती म्हणाली. "डुकरं उकरतात."